४८ तासांचा आठवडा १९४६ सालचा आहे. तो आता ४० वर आला पाहिजे

हजेरीमास्तर

मंडळी,

माझी सगळी नोकरी पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात झाली. मस्टर म्हणजे हजेरीपट, पाळ्यांचे तक्ते, ओटीची (जादा तासांची) बेरीज, सी-ऑफचा (जादा कामाबद्दलच्या बदली सुट्टीचा) हिशेब, हेच काम. माणूस किती तास राबतो हे मी वर्षानुवर्षं कार्डावर बघितलंय. गेली दोन-तीन वर्षं मोठमोठ्या लोकांच्या तोंडून वेगळेच आकडे ऐकू येतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं बोलणं गाजलं. लोकांनी चार दिवस विनोद फिरवले आणि विषय मिटला. मला तो मिटू द्यायचा नाही. माझी मागणी नेमकी उलटी आहे. कायद्यातला ४८ तासांचा आठवडा ४० वर आणा, पगार न कापता, आणि सुरुवात कारखान्यांपासून करा.

हा ४८ चा आकडा आला कुठून ते बघा. मुंबईच्या गिरण्या सुरुवातीला सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालत. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास सहज भरत. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. १८८४ मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. मागण्या किती साध्या होत्या बघा: रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. एवढ्यासाठी सहा वर्षं झगडावं लागलं. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले, त्या सभेत दोन कामकरी बायाही बोलल्या. १० जून १८९० पासून रविवार मिळाला. आज आपण सगळेच तो रविवार वापरतो, पण लोखंड्यांचं नाव किती जणांना माहीत असतं?

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. आता अंधार पडला तरी काम थांबायचं कारण उरलं नाही, आणि कापडाला मागणीही चढी होती. मग तास वाढवले, चौदा-पंधरापर्यंत. म्हणजे यंत्र सुधारलं की माणसाला आराम मिळतो हे आपोआप होत नाही. कायद्याने भाग पाडलं तेव्हाच तास उतरले. १९११ ला कापड गिरण्यांत पुरुषांसाठी दिवसाला बारा. १९२२ ला आठवड्याला ६०. १९३४ ला ५४. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखातं सांभाळत असताना ४८ चा प्रश्न पुढे रेटला गेला आणि १९४६ ला ते कायद्यात आलं. १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टने तोच आकडा कायम ठेवला.

१९२२ ते १९४६ या चोवीस वर्षांत बारा तास कमी झाले. परकं सरकार, मध्ये जागतिक मंदी, मग महायुद्ध, तरीही झाले. आणि १९४६ पासून आजपर्यंत ऐंशी वर्षांत? एक तासही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता (जुने कामगार कायदे एकत्र करणारे नवे कायदे) लागू झाल्या, त्यातही आठवड्याचे ४८ च. हाताने चालवायच्या लेथच्या काळातला आकडा आज सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी यंत्रं आणि रोबोट यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाला लागू आहे.

उलट दिशेने मात्र हालचाल जोरात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला आणि तिमाहीत ओटीची मर्यादा ११५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती लागेल म्हणतात. कंत्राटी पोराने संमती नाकारली तर दुसऱ्या दिवशी गेटवर त्याचं कार्ड चालेल का, हे टाइम ऑफिसात बसलेल्या कुणालाही विचारा.

आमच्याकडे अपघाताच्या नोंदवहीत वेळेचा रकाना होता. एक नोंद डोळ्यासमोरून जात नाही. पॉवर प्रेसचा, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्राचा ऑपरेटर. पहिली पाळी करून दुसरीला थांबलेला, त्याच्या जागी येणारा रिलीव्हर आला नव्हता म्हणून. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात गुंतलेले राहावेत म्हणूनच. थकलेला माणूस काय करतो, एक बटण लाकडाची काडी खुपसून दाबून ठेवतो आणि मोकळ्या हाताने डायमधला (साच्यातला) तुकडा काढतो. सकाळी पहिल्या दोन तासांत असं कुणी करत नाही. रात्री दहाला करतात. वेळेच्या रकान्यात दहा वाजून काही मिनिटं, आणि कारणाच्या रकान्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. तो सलग किती तास उभा होता, यासाठी वहीत रकानाच नव्हता. त्याच्या कार्डावर ते लिहिलेलं होतं आणि कार्ड माझ्याच कपाटात होतं.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून अंदाज मांडला की २०१६ या एका वर्षात लांबलचक कामाच्या तासांमुळे जगभर ७ लाख ४५ हजार माणसं पक्षाघात आणि हृदयविकाराने गेली. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्याला पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यापेक्षा ३५ टक्के जास्त. आमच्याकडे ४८ अधिक ओटी म्हणजे ५५ कधी ओलांडले ते कळतही नाही.

आणि हो, बारा-बारा तासांचे चार दिवस म्हणजे ‘कमी आठवडा’ नव्हे. बेरीज ४८ च राहते आणि शेवटचे तीन तास सगळ्यात धोक्याचे. त्या योजनेला माझा विरोध आहे.

कारखाना, ऑफिस, दुकान, शेती, तुम्ही कुठलेही असा, तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. विरोध असेल तर तोही सविस्तर लिहा.

गुरुवारची_सुट्टी

मास्तर, चाकणहून लिहितोय. सुट्टीबद्दल एक गोष्ट राहिली. आपल्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. वीज मंडळाने लोड वाटून द्यायला वार ठरवून दिले, ते अजून तसेच. बायको शाळेत शिकवते, तिची आणि पोरांची सुट्टी रविवारी. लग्नं, बारशी, गावाकडची जत्रा, सगळं रविवारी. मी गुरुवारी एकटा घरात, कपडे वाळत घालतो आणि झोपतो. आमच्या घरात चौघं एकत्र जेवायला बसतात ते गणपतीत आणि दिवाळीत. दोन दिवस सुट्टी झाली आणि त्यातला एक रविवार असला तर माझ्यासाठी तेवढंच पुष्कळ आहे.

रोटेशनचंही लिहा. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाईट. नाईटवरून फर्स्टला येताना जो एक दिवस मिळतो त्याला सुट्टी म्हणायचं, पण तो सगळा झोपेत जातो.

भोसरी_जॉबवर्क

मास्तरांनी मनापासून लिहिलंय, म्हणून मीही मनापासून विरोध करतो. माझं छोटं मशीन शॉप आहे. पाच व्हीएमसी (सीएनसीचाच एक प्रकार), तीन पाळ्या, आठवड्याला सहा दिवस. कर्ज बँकेचं आहे आणि हप्ता मशीन चालो न चालो, पाच तारखेला जातो.

हिशेब मांडतो. एक मशीन आठवड्याला १४४ तास चालतं. तीन ऑपरेटर गुणिले ४८ म्हणजे १४४, बरोबर बसतं. तुम्ही ४० केले की एका मशीनला ३.६ माणसं लागतात. पाच मशीनला १५ च्या जागी १८. पगार तोच ठेवायचा म्हणता, म्हणजे तीन पगार जास्त. हे पैसे मला कोण देणार? मी ज्यांना पार्ट पुरवतो ते दरवर्षी दर कमी करून मागतात. स्टीलचा भाव वाढला तर कसाबसा फरक मिळतो, मजुरी वाढली तर मिळत नाही. मी दर वाढवून मागितला की शेजारच्या गल्लीतला कमी दरात घेतो, कारण त्याच्याकडे दोन पाळ्या बारा-बारा तासांच्या आहेत आणि मस्टरवर आठ-आठ लिहिलेत. तपासणी करणारं कुणी फिरकत नाही.

मी पाळ्या आठ तासांच्या ठेवल्या आहेत कारण माझे वडील स्वतः टर्नर होते. पण कायदा पाळणाऱ्यावरच आणखी ओझं टाकणार असाल तर मी संपेन आणि शेजारचा राहील.

हजेरीमास्तर

शेठ, तुमचा हिशेब चोख आहे. त्यात एकच आकडा घाला. तुमच्या एकूण खर्चात ऑपरेटरांचा पगार किती? माल, टूलिंग, वीज, हप्ता, भाडं सगळं धरून सांगा.

भोसरी_जॉबवर्क

ढोबळ मानाने पाचवा हिस्सा.

हजेरीमास्तर

मग पगाराचा खर्च २० टक्क्यांनी वाढला तर एका नगाची किंमत ४ टक्क्यांनी वाढते. चार टक्के कमी नाहीत, तुमच्या धंद्यात नफाच तेवढा असेल हे मला माहीत आहे. पण देशाचा उद्योग कोसळावा एवढा तो आकडा नाही. प्रश्न आहे तो एकट्याने करायचा की सगळ्यांनी एकदम.

१८९० चा रविवार एखाद्या दयाळू गिरणीमालकाने दिला नाही. एकट्याने दिला असता तर तो तुम्ही म्हणता तसा बुडाला असता. मालकांच्या संघटनेने सगळ्या गिरण्यांसाठी एकदम मान्य केला. म्हणून मी कायदा मागतोय. तुमच्या शेजारच्यालाही तोच लागू झाला आणि मस्टर तपासलं गेलं, तर तुमच्या गिऱ्हाइकाला चार टक्के मोजण्यावाचून गत्यंतर नाही. चाळीस तासांची मागणी आणि तपासणी नीट होण्याची मागणी एकाच अर्जात हवी, हे तुमच्यामुळे जास्त ठळक झालं.

आणि बाहेरच्या स्पर्धेचं म्हणाल तर तोही जुनाच मुद्दा. तेव्हा मुंबईचे मालक म्हणत, तास कमी करा हे लँकेशायरवाल्यांचं, म्हणजे इंग्लंडमधल्या कापड गिरणीवाल्यांचं कारस्थान आहे, आपला धंदा त्यांना खायचाय. लँकेशायरचा स्वार्थ होता यात शंका नाही. पण म्हणून चौदा तास उभ्या असलेल्या बाईचे पाय दुखायचे थांबत नव्हते. १८९१ चा कायदा आला आणि गिरण्या त्यानंतर वाढल्याच.

मीनाक्षी_ठाणे

मी राज्य शासनाच्या एका कार्यालयात आहे. आम्हाला पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून मिळाला. आधी दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असे, आता सगळे. लोक म्हणतात सरकारी बाबूंची चैन. तर एवढं सांगते की त्या बदल्यात रोजची वेळ वाढली, पावणेदहा ते सव्वासहा. म्हणजे तास घडी बदलून दिले आहेत, फार कमी केलेले नाहीत. मास्तर ज्याला विरोध करतात त्याचाच हा सौम्य प्रकार.

तरीही फरक पडला. मी बदलापूरहून येते. शनिवारची सकाळची लोकल वाचली, म्हणजे येण्याजाण्याचे तास वाचले, आणि हे तास कुठल्याही मस्टरवर नसतात. मुंबईच्या आसपास कमी आठवड्याचा विचार करताना एक अख्खा दिवस वाचणं आणि रोज तासभर लवकर सुटणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मला दिवस हवा.

दुसरा मुद्दा कुणीच काढलेला नाही. वाचलेला शनिवार कुणाचा? आमच्या घरी तो डबे, गहू, पडदे आणि सासूबाईंच्या डॉक्टरचा झाला. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका रोज २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं, असं आलंय. पुरुषांना आणखी एक दिवस सुट्टी मिळाली तर ते ८८ चं काही वाढेल का? मास्तर, मागणीला माझा पाठिंबा आहे, पण ‘कुटुंबाला वेळ मिळेल’ हे वाक्य लिहिताना जरा थांबा. कुटुंबातल्या कुणाचा वेळ कुणाला मिळणार हे आधी ठरवायला लागेल.

गुरुवारची_सुट्टी

ताई, तुमचं वाचून मी बायकोला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, गुरुवारी मी घरी असतो म्हणून निदान कपडे माझ्याकडे आले. रविवारी दोघं घरी असतो तर तेही तिच्याकडेच राहिले असते. हे मला सुचलं नव्हतं.

नेकारकाठी

जर्मनीत श्टुटगार्टजवळ मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो, मूळचा साताऱ्याचा. आमचा आठवडा ३५ तासांचा आहे. हे ऐकून गावाकडे विचारतात, मग उरलेला वेळ करता काय? काही विशेष नाही. मुलीला पोहायला नेतो, भाजी आणतो, संध्याकाळी फिरायला जातो.

हे ३५ तास इथेही कुणी आणून हातात दिले नाहीत. १९५६ मध्ये इथल्या कामगार संघटनांच्या महासंघाने मे दिनाला एक पोस्टर काढलं होतं, त्यावर लहान मूल आणि ‘शनिवारी बाबा माझे’ असं वाक्य. तेव्हा इथेही सहा दिवस आणि ४८ तास होते, आपल्यासारखेच. शनिवार मोकळा व्हायला पुढे वर्षं गेली. मग १९८४ मध्ये धातू उद्योगातल्या संघटनेने ३५ तासांसाठी संप केला, जवळजवळ सात आठवडे चालला. हाती काय आलं? साडेअडतीस तास. ३५ पूर्ण व्हायला १९९५ उजाडलं. टप्प्याटप्प्याने, दर करारात थोडी पगारवाढ सोडून थोडे तास घ्यायचे, असं अकरा वर्षं. मास्तर, तुमच्या ४० ला हा धडा कामाचा आहे. एका रात्रीत ४८ चे ४० मागण्यापेक्षा ४८ चे ४६, मग ४४ असं वेळापत्रक मागा. भोसरीच्या शेठना दर बदलून घ्यायला सवड मिळेल.

२०१८ च्या करारात आणखी एक आलं. कुणालाही दोन वर्षांपर्यंत आठवडा २८ तासांवर आणता येतो, पगार तेवढा कमी होतो, पण नंतर पूर्ण वेळेवर परत यायचा हक्क राहतो. लहान मुलं असणाऱ्यांना, आजारी माणसाचं करणाऱ्यांना आणि पाळीवाल्यांना ठरावीक जास्तीच्या पैशाऐवजी आठ दिवस सुट्टी घेता येते. माझ्या पाळीतले बहुतेक लोक पैसे सोडून आठ दिवस घेतात. पाळी करणाऱ्यालाच त्या दिवसांची किंमत कळते.

इथे सगळं आलबेल नाही. मागणी घटली आहे, कारखाने बंद करण्याच्या चर्चा रोज आहेत, आणि मे २०२५ मध्ये इथले चॅन्सेलर मेर्त्स म्हणालेच की चार दिवसांच्या आठवड्याने या देशाची समृद्धी टिकायची नाही. म्हणजे मिळवलेले तास राखायलाही भांडावंच लागतं.

रात्रपाळी_आयटी

हिंजवडी. आमच्या ऑफर लेटरवर आठवड्याला ४५ तास, पाच दिवस. प्रत्यक्षात अमेरिकेतल्या क्लायंटचे कॉल रात्री साडेनऊला आणि सकाळची रोजची बैठक, स्टँड-अप, तीही साडेनऊलाच. मोजदाद कुठेच नाही. कार्ड पंच होतं ते इमारतीत शिरल्याचं, घरून उघडलेल्या लॅपटॉपचं नाही. ओटी हा शब्द आमच्याकडे नाही.

ब्रिटनमध्ये २०२२ ला सहा महिने चार दिवसांच्या आठवड्याचा मोठा प्रयोग झाला, पूर्ण पगारावर. ६१ कंपन्या, सुमारे २,९०० लोक. संपल्यावर ५६ कंपन्यांनी तो पुढे चालू ठेवला. आइसलंडमध्ये २०१५ ते २०१९ दरम्यान अडीच हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांचे तास ३५-३६ वर आणले, तिथेही काम अडलं नाही. हे आकडे आपल्याकडच्या कंपन्यांना का दिसत नाहीत? कारण तास विकायचा धंदा आहे. क्लायंटला माणसामागे तासाचं बिल जातं. काम लवकर संपवलं तर बिल कमी होतं.

हजेरीमास्तर

रात्रपाळी, तुमचा शेवटचा मुद्दा नेमका आहे, त्यावर वेगळा धागा काढा. ब्रिटनच्या प्रयोगाबद्दल मात्र मी जरा सावध आहे. त्यातल्या बहुतेक कंपन्या ऑफिसकामाच्या होत्या. तिथे बिनकामाच्या बैठका कापून वेळ काढता येतो. प्रेसवर उभ्या माणसाच्या पाळीत बैठकाच नाहीत. यंत्राचा वेग ठरलेला आहे. त्याचे तास कमी करायचे तर जास्त माणसं घ्यावी लागतील, आणि शेठ म्हणतात तसं कुणाला तरी पैसे मोजावे लागतील. ‘उत्पादकता वाढेल, काही खर्च येणार नाही’ असं सांगून ही मागणी विकली तर कारखान्याच्या दारातच ती पडेल. खर्च आहे. तो करण्यालायक आहे, हे माझं म्हणणं.

मागवाला_इचल

इचलकरंजीतनं लिहितोय. माझ्या वडिलांनी माग चालवले, मी पण चालवतो. पाळी बारा तासांची, सकाळी आठ ते रात्री आठ, आठवड्याने रात्री आठ ते सकाळी आठ. पगार नाही, कापड विणेल तशी मजुरी, पिकावर, म्हणजे मागात आडवा धागा किती वेळा फिरला त्यावर दर ठरतो. एक माणूस सहा-आठ माग बघतो.

आता तुमचे ४० तास मला लावा. माग कमी तास चालले, कापड कमी निघालं, मजुरी कमी. ‘पगार न कापता’ हे आमच्यात बसतच नाही, पगारच नाही तर न कापायचं काय? मला आठ तास नकोत असं नाही. रात्री तीनला धागा तुटलेला दिसत नाही, कापडात पट्टी पडते आणि मग मजुरी कापतात. पण आठ तासांत बारा तासांची मजुरी मिळेल असा दर कोण देणार तेवढं सांगा.

हजेरीमास्तर

दादा, तुमच्याकडे तासांची मागणी दरातूनच मांडावी लागेल. आठ तास सरासरी चालणाऱ्या मागांवर जेवढं कापड निघतं तेवढ्यात किमान वेतन सुटलं पाहिजे, असा पिकाचा दर. आज दर असा बसवलाय की बारा तास केल्याशिवाय घर चालत नाही. म्हणजे बारा तासांची सक्ती दरातच शिवलेली आहे, मालकाला तोंडाने सांगावंही लागत नाही. इचलकरंजीत मजुरीवाढीसाठी मोठी आंदोलनं झाली आहेत, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पुढच्या वेळी आठ तासांचा आधार धरून दर मागा.

पाटोदेकर

बीड जिल्हा. आमच्या गावातून दिवाळीनंतर अर्धी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती टनामागे फिटते. पहाटे चारला फडात, गाडी भरायला रात्री किती वाजता येईल ते कारखान्याला माहीत. आठवड्याची सुट्टी नाही. बाईची मासिक पाळी असो, ती गरोदर असो, एका दिवसाचा खाडा झाला की मुकादम दंड लावतो. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली होती.

आमच्याकडे अमावस्येला बैलांना औताला जुंपत नाहीत. बैलाचा दिवस ठरलाय, बाईचा नाही. मास्तर, ४८ चे ४० जरूर मागा. पण ज्यांना ४८ सुद्धा लागू नाहीत त्यांची एक ओळ तुमच्या अर्जात आली पाहिजे. आठवड्यातला एक दिवस, मजुरीसकट. १८८४ च्या अर्जातली पहिली मागणी, बस.

मीनाक्षी_ठाणे

पाटोदेकरांची ओळ सगळ्यात आधी घ्या. बाकी क्रम नंतर ठरवू.

हजेरीमास्तर

घेतली, पहिलीच घेतली. आणि नेकारकाठींचं वेळापत्रकही घेतो. दर दोन वर्षांनी दोन तास, म्हणजे आठ वर्षांत ४८ चे ४०. शेठ, यावर तुमचं काय म्हणणं?

भोसरी_जॉबवर्क

दोन तासांचा टप्पा असेल, सगळ्यांना एकाच तारखेपासून असेल आणि मोठ्या कंपन्यांच्या करारात मजुरीवाढ दरात धरायची सक्ती असेल, तर मी विरोध करणार नाही. यातली तिसरी अट नसेल तर करणार. मला त्या तीन जादा माणसांना कामावर घ्यायला आवडेल. माझ्याकडे रोज कुणीतरी बायोडेटा घेऊन उभा असतो.

तळेगावचा_सेटर

मी आजपर्यंत नुसता वाचत होतो. एक विचारायचं आहे. महिन्याचा पगार १८,००० हातात दाखवतात, त्यात बेसिक आणि भत्ते. ओटी तासाला ८६ रुपयांनी मिळते. हे बरोबर आहे का? सुपरवायझर म्हणतो हाच दर.

हजेरीमास्तर

बरोबर नाही. १८,००० भागिले २६ दिवस म्हणजे दिवसाचे ६९२, भागिले ८ म्हणजे तासाचे साधारण ८६ रुपये ५० पैसे. हा तुमचा साधा दर झाला. ओटी दुप्पट दराने द्यायची असते, म्हणजे तासाला १७३. फॅक्टरी अॅक्टच्या कलम ५९ मध्ये ते होतं आणि नव्या संहितेतही दुप्पटच आहे. तुम्हाला प्रत्येक जादा तासाला निम्मे पैसे मिळतायत.

इतरांनीही हे लक्षात घ्या. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याने जास्त काम करायला बंदी घातली नाही. ठरलेल्या तासांच्या वर दीडपट मोजा म्हणाले, ती मर्यादा आधी ४४, मग ४२, आणि १९४० पासून ४०. जादा तास महाग झाला की मालक आपण होऊन माणसं वाढवेल, हा त्यामागचा हेतू. आपल्याकडे ४९ वा तास साध्या दरात मिळत असेल तर नवा माणूस कोण घेईल? मर्यादा ४० वर आणली आणि ओटी सिंगलच राहिली, तर मस्टरवर ४० आणि मशीनवर ६०.

तर सेटरभाऊ, आजपासून हे करा. छोट्या वहीत रोज आत गेल्याची आणि बाहेर आल्याची वेळ लिहा, तारखेसह. पंचिंगच्या स्क्रीनचा फोटो काढता आला तर काढा. पगाराच्या स्लिपा एकही टाकू नका, ओटी वेगळ्या व्हाउचरवर देत असतील तर त्याचाही फोटो. तीन महिन्यांचं जमलं की एकट्याने साहेबांकडे जाऊ नका, लाइनवरच्या चार-पाच जणांच्या वह्या सोबत घ्या. आधी एचआरला लेखी द्या आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आणि कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. अर्जाचा मसुदा मी करून देतो, मला निरोप पाठवा. कंपनीचं नाव इथे लिहू नका.

तळेगावचा_सेटर

निरोप पाठवलाय. आमच्या लाइनवर कंत्राटी पण आहेत, त्यांना स्लिपच मिळत नाही. त्यांची वही चालेल का?

हजेरीमास्तर

चालेल. त्यांना म्हणावं बँकेचं पासबुक भरून आणा, पगार कुठल्या तारखेला किती जमा झाला ते त्यात असतं. आणि वहीत त्यांच्या ठेकेदाराचं नाव वर लिहायला सांगा.